करंज्याचे अंतर : लंडन–मुंबई प्रवासाचा काळ आणि दप्तरातील ‘पैवस्ती’

दोन नगरांमधील अंतर किती, ह्या प्रश्नाचे उत्तर आज किलोमीटरांत किंवा तासांत दिले जाते, आणि दोन्ही उत्तरे सारखीच निश्चित समजली जातात. अठराव्या शतकातील दप्तरे वाचणाऱ्यास ही निश्चिती बाजूला ठेवावी लागते. मुंबई आणि लंडन ह्यांमधील पृथ्वीच्या पाठीवरील सर्वांत जवळचे अंतर त्या काळीही सुमारे ७,२०० किलोमीटरच होते. पण ह्या आकड्याचा कोणत्याही माणसाशी, जहाजाशी किंवा पत्राशी संबंध नव्हता. जहाज आफ्रिकेला वळसा घालून सुमारे १९,८०० किलोमीटर चालत असे, आणि त्याला लागणारे पाच-सहा महिने हेच खरे अंतर होते. ह्या अंतराचा राजकीय परिणाम किती दूरवर पोहोचला, हे पाहण्यासाठी मुंबई बंदराच्या आग्नेयेस असलेले करंजा हे छोटे बेट पुरेसे आहे.

करंजा म्हणजे आजचे उरण बेट. द्रोणागिरीच्या दक्षिण पायथ्याचा, रेवसच्या समोरचा कोळ्यांचा गाव आज हे नाव धारण करतो. परंतु जुन्या कागदांत करंजा म्हटले म्हणजे सबंध बेट समजावयाचे. सुमारे आठ मैल लांब आणि चार मैल रुंद असे हे बेट मिठागरे, भातखाचरे आणि मासळी ह्यांवर जगत आले. प्रशासनाच्या दृष्टीने उरण हा पुढे दीर्घ काळ पनवेल तालुक्याचा पेटा होता. पोर्तुगीजांकडून ते वसईच्या मोहिमेच्या सुमारास (१७३७–३९) मराठ्यांकडे आले. बंदराच्या तोंडाशी मराठ्यांचे ठाणे असणे मुंबईकर इंग्रजांना प्रथमपासून खुपत होते. साष्टी, वसई आणि बंदरातील बेटे मिळविण्याची त्यांची इच्छा जुनी होती. ती पुरी करण्याची संधी नारायणरावाच्या वधानंतर (१७७३) पुण्यात माजलेल्या बेबनावाने दिली.

डिसेंबर १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला. ६ मार्च १७७५ रोजी रघुनाथरावाने सुरतेच्या तहात साष्टी व वसई ह्यांबरोबर करंजा, घारापुरी आणि बंदरातील इतर बेटे कंपनीस देण्याचे मान्य केले. हा तह मुंबईच्या कौन्सिलाने केला. पण तो करण्याचा अधिकार तिला होता काय, हा प्रश्न होता. १७७३ च्या नियामक कायद्याने युद्ध व तह ह्या बाबतींत मुंबईवर कलकत्त्याच्या गव्हर्नर-जनरलची देखरेख आली होती, आणि दोघांच्याही वर लंडनचे संचालक मंडळ होते. म्हणजे करंज्याचा स्वामी कोण, हे ठरविणारी चार ठिकाणे होती: पुणे, मुंबई, कलकत्ता आणि लंडन. ही चार ठिकाणे एकमेकांपासून किती दिवसांवर होती, हे काढल्यावाचून पुढील सात वर्षांचा घटनाक्रम नीट उलगडत नाही.

जमिनीवरील बातमीचा वेग काढण्यास पक्क्या तारखा असलेली उदाहरणे हाताशी आहेत. पानिपतचे युद्ध १४ जानेवारी १७६१ रोजी झाले, आणि नानासाहेब पेशव्यास त्याचे वृत्त २४ जानेवारी रोजी भेलशाच्या मुक्कामी सावकारी पत्राने कळले. पानिपत ते भेलसा हे सरळ रेषेतील अंतर सुमारे ६५५ किलोमीटर. दहा दिवसांत कापले असता रोजची चाल ६५ किलोमीटर येते. सालबाईचा तह १७ मे १७८२ रोजी झाला आणि हेस्टिंग्जने तो ६ जून रोजी मंजूर केला. ग्वाल्हेरजवळील सालबाईपासून कलकत्ता सुमारे १,१०० किलोमीटर. वीस दिवस धरले, आणि त्यांत विचारविनिमयाचा वेळही आला असे मानले, तर रोजी ५५ किलोमीटर. हैदरअली ७ डिसेंबर १७८२ रोजी चित्तूरजवळ मरण पावला, आणि नाना फडणिसाने सालबाईच्या तहाला २० डिसेंबर रोजी मान्यता दिली. हैदरच्या मृत्यूची खात्रीलायक बातमी कळताच नानाने शिक्का उठविला, असे ग्रँट डफचे म्हणणे आहे. चित्तूर–पुणे अंतर सुमारे ८१० किलोमीटर असल्याने तेरा दिवसांत ती बातमी येण्यास रोजी ६२ किलोमीटरांची चाल पुरते. ग्रँट डफचे विधान त्यामुळे सिद्ध होत नाही. परंतु ते शक्य कोटीतील आहे, एवढे निश्चित ठरते. तिन्ही आकडे सरळ रेषेवरून काढलेले असल्यामुळे वाटेवरील प्रत्यक्ष चाल ह्याहून बरीच अधिक असली पाहिजे. तरीही ते एकमेकांच्या इतके जवळ येतात की, महत्त्वाची बातमी दिवसास सुमारे साठ किलोमीटर सरकते हे माप त्या काळापुरते धरून चालण्यास हरकत नाही.

हे माप सुरतेच्या तहास लावून पाहावे. १८ मे १७७५ रोजी आणंदजवळ आडास येथे कर्नल कीटिंगच्या सैन्याची हरिपंत फडक्याच्या फौजेशी लढाई झाली. ३१ मे रोजी कलकत्त्याने मुंबईच्या ह्या युद्धाचा तीव्र निषेध करून ते थांबविण्याचा हुकूम लिहिला. लढाई आणि हुकूम ह्यांत तेरा दिवसांचे अंतर आहे. गुजरातपासून कलकत्ता सोळाशे किलोमीटरांच्या आसपास. तेथवर बातमी जावयास पंचवीस दिवसांहून अधिक हवेत. तेव्हा कलकत्त्याच्या कौन्सिलाने आडासच्या लढाईचा विचार करून हुकूम दिला, असे सुचविणारी कोणतीही मांडणी टिकत नाही. कलकत्ता एका अशा युद्धाविषयी लिहीत होते की, ज्याची त्या दिवशीची स्थिती त्याला ठाऊकच नव्हती. आणि ते पत्र हाती येईपर्यंत मुंबईनेही आणखी महिनाभर युद्ध चालविले.

कलकत्त्याहून निघालेला कर्नल अप्टन १७७५ च्या डिसेंबरअखेर पुरंदरास पोहोचला. १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला, आणि सुरतेचा तह रद्द ठरला. साष्टी व बेटे इंग्रजांकडे राहिली, वसई मात्र नाही. येथवर प्रकरण मिटले असे वाटते. पण सुरतेच्या तहाची हकीगत घेऊन गेलेले कागद केपला वळसा घालून लंडनला पोहोचले होते, संचालकांनी त्यांवर विचार केला होता, आणि त्यांचे उत्तर परतीच्या वाटेवर होते. ते १७७६ च्या ऑगस्टमध्ये मुंबईस आले. सुरतेचा तह संचालकांना पसंत होता. मिळालेला मुलूख सोडू नये, असे त्यांचे सांगणे होते. तह होऊन सतरा महिने लोटले होते, आणि ज्याला ही संमती होती तो तह पाच महिन्यांपूर्वीच रद्द झालेला होता.

मृत तहाला आलेली ही संमती मुंबईच्या कौन्सिलाने जिवंत हुकमासारखी वापरली. कलकत्त्याने मोडलेल्या तिच्या धोरणाला त्याहून वरच्या सत्तेचा पाठिंबा आता कागदावर मिळाला होता. त्याच वर्षाच्या अखेरीस रघुनाथरावाला मुंबईत आश्रय मिळाला, पुरंदरच्या कलमांची अंमलबजावणी रेंगाळली, आणि १७७८ मध्ये पुण्यावर स्वारीची तयारी झाली. ह्या उलटापालटीस मुंबईकरांची महत्त्वाकांक्षा कारण झाली, असे सांगितले जाते. ते खोटे नाही. पण महत्त्वाकांक्षा १७७६ च्या मार्चमध्येही तेवढीच होती. ऑगस्टमध्ये तिला जे नवे मिळाले ते केवळ उशिरा आलेले पत्र होते. मुंबई आणि लंडन ह्यांमधील काळाचे अंतर निम्मे असते तर संचालकांची पसंती पुरंदरच्या आधी येऊन थडकली असती, आणि अप्टनला तो तह करणे तरी शक्य झाले असते काय, ही शंका घेण्यास जागा आहे.

नाना फडणिसाच्या मुत्सद्देगिरीचे गोडवे पुष्कळ गायिले गेले आहेत. तिच्यातील भूगोलाचा वाटा मात्र क्वचितच मोजला जातो. पुण्याहून मुंबई सरळ रेषेत सुमारे १२० किलोमीटर. घाट उतरून पनवेल, तेथून भरतीच्या वेळेस मचवा. मुंबईत काय शिजते ते नानास दोन-तीन दिवसांत कळे. तीच गोष्ट मुंबईच्या वरिष्ठांना कलकत्त्यात महिन्याने आणि लंडनात सहा महिन्यांनी कळे. आपल्या शत्रूच्या मालकाहून आधी आपल्याला शत्रूची बातमी मिळते, ही स्थिती कोणत्याही मुत्सद्द्यास हेवा वाटावा अशी आहे.

अर्थात वेळेचे माप दोहीकडून चालते. २५ नोव्हेंबर १७७८ रोजी मुंबईची फौज पनवेलकडे निघाली. तिच्याबरोबर तोफा, दारूगोळा आणि सामान वाहणारे हजारो बैल होते. ती ९ जानेवारी १७७९ रोजी तळेगावास पोहोचली. पनवेल–तळेगाव हे अंतर सरळ रेषेत पासष्ट-सत्तर किलोमीटर. त्याला सहा आठवड्यांवर दिवस लागले. जासूद जे अंतर एका दिवसात तोडतो ते फौजेने पंचेचाळीस दिवसांत तोडले. तोवर मराठ्यांनी पुढचा मुलूख उजाड केला, आणि जानेवारीच्या मध्यास वडगाव येथे इंग्रजांना मानहानीचा करार करावा लागला. त्याच वेळी कलकत्त्याने पाठविलेली दुसरी फौज गॉडर्डच्या हाताखाली मध्य हिंदुस्थानातून येत होती. वडगावचे वृत्त कळल्यावर तिने बऱ्हाणपूर ते सुरत ही सुमारे तीनशे मैलांची वाट वीस दिवसांत काटली आणि फेब्रुवारीअखेर सुरत गाठली. एकाच युद्धात, एकाच कंपनीच्या दोन फौजांच्या चालीत पंधरापटीहून अधिक फरक पडला. अंतर हे भूमीच्या ठिकाणी नसून चालणाऱ्याच्या ठिकाणी असते, हे ह्याहून स्पष्ट करणारे उदाहरण सापडणे कठीण.

सालबाईच्या तहाने (१७८२) वसई मराठ्यांना परत मिळाली. साष्टी, घारापुरी आणि करंजा इंग्रजांकडे कायम राहिली. करंज्यापुरते पाहिले तर सात वर्षांच्या ह्या साऱ्या पत्रव्यवहाराने आणि रक्तपाताने काहीही बदलले नाही.

येथे भाषेकडे वळले पाहिजे, कारण अंतराची मराठीतील नावे ह्याच अनुभवातून आली आहेत. कोस हा शब्द संस्कृत ‘क्रोश’पासून आला आणि क्रोश म्हणजे आरोळी. हाक जेथवर ऐकू जाते तो कोस. म्हणजे मुळात हे माप जमिनीचे नसून निरोपाचे आहे. ‘योजन’ हा बैल जुंपण्याशी संबद्ध आहे. एकदा जुंपल्यावर जेवढे जाता येते तेवढे ते. ‘मजल’ हा अरबी ‘मन्झिल’, उतरण्याचे ठिकाण. ‘मजल दरमजल’ ह्या प्रयोगात तो बखरींतून घराघरांत पोहोचला. ‘मैल’ रोमन सैनिकाच्या हजार पावलांचा वारस होय. तो इंग्रजीतून आला तेव्हा प्रथमच मराठीत असे माप आले की, ज्यात वाट चढणीची आहे की सपाट, पावसाळा आहे की उन्हाळा, ह्याचा काही संबंध उरला नाही. कोस मात्र प्रांतोप्रांती लांब-आखूड होत असे, आणि त्यात दोष पाहणाऱ्यांनी हे लक्षात घेतले नाही की, चालणाऱ्याला तेच अधिक उपयोगी होते. बारा कोसांवर भाषा बदलते, ही लोकोक्तीही भाषाभेद पायी चालण्याच्या मापाने मोजते. पोटभाषांचे नकाशे काढणाऱ्यास ती अजून दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

दप्तराच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा शब्द ‘पैवस्ती’ हा होय. फारसी ‘पैवस्तन्’, म्हणजे जोडले जाणे, येऊन मिळणे, ह्यावरून तो आला. मोडी पत्रांवर लिहिल्याच्या तारखेखेरीज पुष्कळदा पत्र हाती आल्याची तारीखही मुसलमानी महिन्याच्या ‘छ’ ह्या चिन्हासह नोंदलेली असते, तीच पैवस्ती. फडावरील कारकुनास हे पक्के ठाऊक होते की, पत्र लिहिले केव्हा ह्याने निर्णय होत नाहीत, ते पोहोचले केव्हा ह्याने होतात. राजवाडे, खरे, सरदेसाई ह्यांनी ही साधने छापून जे उपकार करून ठेवले आहेत त्यांची परतफेड होणे नाही. परंतु छापील संग्रहांत पत्रे सामान्यतः लेखनतिथीच्या क्रमाने लागतात, आणि त्या क्रमाने वाचणाऱ्या अभ्यासकाच्या मनात नकळत असे चित्र उभे राहते की, एका पत्रातील घटना दुसऱ्या पत्राच्या लेखकाला माहीत होती. आडासचे उदाहरण वर दिलेच आहे. पैवस्ती असेल तेथे ती मुख्य तारीख मानावी, आणि नसेल तेथे अंतरावरून ती अजमासे काढावी. ह्या रीतीने प्रत्येक निर्णयाच्या दिवशी निर्णय घेणाऱ्याच्या हातात कोणते कागद होते, ह्याची यादी करता येते. पहिल्या इंग्रज–मराठा युद्धापुरती तरी अशी यादी होणे अगत्याचे आहे. ती झाल्यास ज्याला आज विश्वासघात किंवा धरसोड म्हटले जाते, त्यांतील काही भाग निव्वळ अज्ञान ठरण्याचा संभव आहे. तसेच काही ठिकाणी अज्ञानाची सबब खोटी पडेल, हेही तितकेच खरे.

एकोणिसाव्या शतकात हे अंतर दोन टप्प्यांनी आटले. मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० रोजी मुंबईहून निघून २२ एप्रिल रोजी सुवेझला पोहोचली. इजिप्तच्या वाटेने टपाल नेणे शक्य आहे, हे तिने दाखविले. ती वाट नवी नव्हती. १७७८ मध्ये फ्रान्सशी युद्ध पेटल्याची बातमी कैरोहूनच जुलैमध्ये कलकत्त्यास आली होती, आणि त्यामुळे चंद्रनगर तत्काळ ताब्यात घेता आले होते. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुवेझचा कालवा खुला झाल्यावर लंडन–मुंबई जलमार्ग सुमारे ११,६०० किलोमीटरांवर आला. लगेच १८७० मध्ये समुद्रतळाच्या तारेने मुंबई सुवेझमार्गे लंडनशी जोडली गेली. ही घटना पहिलीहून मोठी होती. तोवर बातमी आणि माणूस ह्यांचे अंतर बहुतांशी एकच होते, कारण बातमी बहुधा माणसाच्याच हातून जात असे. १८७० नंतर बातमी तासांत जाऊ लागली आणि माणूस आठवड्यांत. ‘टपाल’ आणि ‘तार’ हे दोन शब्द मराठी माणसाच्या तोंडी वेगळे झाले. ‘तार आली’ ह्या दोन शब्दांनी घरात कापरे भरे ते ह्याच वेगामुळे.

विमानाने माणसाचे अंतर पुन्हा बातमीच्या जवळ आणले. लंडनजवळील क्रॉयडनहून ३० मार्च १९२९ रोजी निघालेले टपाल आठवड्याभरात कराचीस येऊ लागले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा ह्यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे ते मुंबईच्या जुहूस आणले. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून निघाले आणि कैरो व जिनिव्हा येथे थांबून १० जूनला लंडनास उतरले. १९६० मध्ये जेट विमाने आली. पुढे मुक्काम गळाले, आणि विनाथांबा उड्डाणाला नऊ-दहा तास पुरू लागले. जाताना वारा समोरून येतो म्हणून वेळ अधिक, येताना कमी. मोसमी वाऱ्यांची वाट पाहणाऱ्या शिडाच्या जहाजांचा हा अवशेष जेट विमानातही टिकून आहे. राजकारणाचा अवशेषही तसाच आहे. जून १९६७ पासून जून १९७५ पर्यंत सुवेझ बंद असता जहाजे पुन्हा केपच्या वाटेला लागली, आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानचे आकाश भारतीय विमानांना बंद झाले तेव्हा पश्चिमेकडील उड्डाणांना दक्षिणेकडून वळसा घ्यावा लागला.

‘विमान’ हा शब्द ‘मा’ म्हणजे मोजणे ह्या धातूला ‘वि’ लागून झाला आहे. वेदकाळी त्याचा अर्थ मापीत ओलांडून जाणारा असा होता. देवांचा रथ, राजवाडा, देवळाचे शिखर हे अर्थ मागाहून आले. यंत्राला हे जुने नाव देणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा पुराणांतील रथच असावेत. पण अंतर आणि प्रवासकाळ ह्यांचा विचार करताना धातूचा मूळ अर्थच अधिक नेमका बसतो.

करंज्याला ह्या साऱ्याचा स्पर्श उशिरा झाला. बेटाचा मुंबईशी संबंध मोऱ्याच्या आणि रेवसच्या होड्या-लाँचींनी राहिला, आणि तो भरती-ओहोटी व पावसाळा ह्यांच्या तंत्राने चाले. २१ एप्रिल १८६३ रोजी बोरघाटातून आगगाडी पुण्यापर्यंत अखंड सुरू झाली, तेव्हा पनवेल बंदराचे जुने महत्त्व घटले. मुंबई–पुणे अंतर कमी झाले आणि पनवेल–मुंबई अंतर तौलनिक दृष्टीने वाढले. शिवडीहून न्हावाशेवाकडे समुद्रावरून येणारा २१.८ किलोमीटरांचा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला. पनवेल तालुक्यात उलव्याजवळ बांधलेल्या नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले, आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. करंज्याच्या धक्क्यापासून ह्या विमानतळाचे सरळ अंतर वीस किलोमीटरांच्या आसपास भरते. १७७८ च्या नोव्हेंबरात पनवेलच्या खाडीत उतरलेल्या फौजेच्या चालीने ते दोन आठवड्यांचे झाले असते.